एकशे ब्याण्णव बाइटांचा निरोप



उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटचा विषय निघाला की आपल्याकडच्या गप्पा लगेच स्टारलिंकवर जातात. डोंगरातल्या केबिनमध्ये सिनेमा दिसतो का, विमानात बसून मीटिंग करता येते का, वगैरे. ह्या गप्पांमध्ये त्याच घरातले एक धाकटे भावंड नेहमी विसरले जाते. दिवसातून दोन-चार वेळा, फक्त शे-दोनशे अक्षरांचा मजकूर पाठवणारी लहान लहान उपकरणे: विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजणारी, बोटीचा ठावठिकाणा कळवणारी, कासवाच्या पाठीवर बसून समुद्र हिंडणारी. जिथे मोबाइलचा टॉवर नाही तिथून ही उपकरणे डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाशी थेट बोलतात. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' ह्या भारदस्त नावाची ही आकाशातली शाखा.

गोंगाटात बुडालेले अशक्त रेडिओ-संकेत वेचून काढण्याच्या गणितावर मी गेली सोळा वर्षे काम करते. त्यामुळे ह्या तंत्राचे मला मनापासून कौतुक आहे. पण आज लिहायचे आहे ते त्याच्या व्यवस्थेविषयी. ही उपकरणे ज्यांच्या सर्वांत जास्त उपयोगाची आहेत, त्यांच्याकडे पैसे सर्वांत कमी आहेत. म्हणून हे काम केवळ बाजारावर सोडले तर एक तर सेवा मध्येच बंद पडते, नाही तर माहिती एकाची आणि मालकी दुसऱ्याची असे होते. दीपगृहाचा उजेड गलबताची ऐपत पाहून पडत नाही. दूर एकट्या पडलेल्या माणसाचा निरोप पोचवणे हे काम त्याच जातीचे आहे, आणि त्याची व्यवस्थाही तशीच सार्वजनिक असली पाहिजे, असे माझे मत आहे.

हे चालते कसे?

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि जमिनीवरून पाहता एकाच जागी थांबलेले दिसतात. आपण बोलतो आहोत ते उपग्रह ५०० ते ६०० किलोमीटरवरून जातात आणि साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतात. अंतर पासष्ट पटींनी कमी झाले की वर्गाच्या नियमाने पोचणारा संकेत चार हजार पटींहून अधिक बळकट होतो. त्यामुळे छपरावर बशी बसवावी लागत नाही. वीतभर अँटेना आणि एक वॉटच्या आसपासची शक्ती पुरते. उपकरण बहुतेक वेळ झोपलेले असते, म्हणून एकच बॅटरी काही वर्षे जाते.

ह्याच्या बदल्यात काही अडचणी पत्कराव्या लागतात. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळत असतो. तो क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत फार तर दहा-बारा मिनिटे मिळतात. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर चढा लागतो आणि ती दूर जाताना उतरतो, तसेच रेडिओलहरींचेही होते. ८६८ मेगाहर्ट्झच्या संकेतात हा फरक २० किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि तो हिशेबात धरूनच निरोप वाचावा लागतो.

खरी अडचण गर्दीची. नागपूरच्या माथ्यावर असलेल्या उपग्रहाच्या क्षितिजात मस्कतपासून रंगूनपर्यंतचा मुलूख येतो. एवढ्या टापूतली उपकरणे एकाच वेळी बोलू लागली तर कोणाचेच नीट ऐकू येणार नाही. ह्यावरचा जुना तोडगा हवाई विद्यापीठातला. १९७१ साली नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची केंद्रे रेडिओने जोडली आणि त्या जाळ्याला 'अलोहा' असे नाव दिले. नियम अगदी साधा: ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे. पण गणित सांगते की अशा मोकळ्या कारभारात वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमता कामी येते, आणि बोलणारे आणखी वाढले तर तीही घसरत जाते. पुढे ह्यात खूप सुधारणा झाल्या, तरी मूळ गोष्ट बदललेली नाही. आकाशातली ही वाट गावच्या गायरानासारखी सामाईक आणि मर्यादित आहे. कोणाचा निरोप आधी जायचा हे कोणाला तरी ठरवावे लागतेच. तो निर्णय इंजिनिअरिंगचा वाटला तरी मुळात धोरणाचा आहे.

सुरुवात सार्वजनिक पैशाने झाली

हा उद्योग खासगी कल्पकतेतून जन्मला असा आपल्याकडे समज आहे. इतिहास वेगळा आहे. फ्रान्स आणि अमेरिका ह्यांच्या सरकारी संस्थांनी मिळून १९७८ मध्ये 'आर्गोस' ही यंत्रणा सुरू केली. ध्रुवांवरून फिरणाऱ्या हवामान-उपग्रहांवर एक ग्राहक बसवला आणि समुद्रातली तरंगती उपकरणे आणि जंगली प्राणी त्याच्याशी बोलू लागले.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. शीतयुद्ध चालू असताना, १९७९ मध्ये, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन ह्यांनी संकटात सापडलेली जहाजे आणि विमाने शोधण्यासाठी एक संयुक्त योजना आखली. तिचे नाव 'कोस्पास-सारसॅट'. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडात कोसळलेल्या एका लहान विमानातल्या तिघांचे प्राण वाचले, कारण त्यांच्या बीकनची हाक एका सोव्हिएत उपग्रहाने ऐकली. एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या देशांना जे जमले, ते आज आपल्याला अव्यवहार्य का वाटावे? ही यंत्रणा अजून चालू आहे. भारतही तिच्यात सहभागी आहे आणि 'इस्रो'चे केंद्र बंगळुरूत आहे. बीकन विकत घ्यावे लागते, पण त्याची हाक पोचवण्याचे पैसे कोणी मागत नाही.

तिसरे उदाहरण 'आर्गो' तरंडांचे. जगभरच्या समुद्रांत असे सुमारे चार हजार तरंड आहेत. ते दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येतात आणि वाटेतले तापमान आणि क्षारता मोजून उपग्रहाला कळवतात. ही माहिती साधारण चोवीस तासांत जगातल्या कोणालाही फुकट मिळते. हिंदी महासागरातले असे तरंड सोडण्यात हैदराबादच्या 'इन्कॉइस' ह्या संस्थेचा वाटा आहे, आणि मान्सूनचा अभ्यास करणाऱ्यांना ह्या माहितीचे मोल विचारावे.

कोकणाचाही ह्या कथेत छोटासा भाग आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था ह्यांनी वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशी त्यांची नावे. अंडी घालून समुद्रात परतलेली कासवी पुढे कुठे जाते, हे कोकणच्या किनाऱ्यावरून पहिल्यांदाच असे कळू लागले.

मग बाजार आला

बाजाराच्या कथा दोनच सांगते. पहिली 'इरिडियम'ची. मोटोरोलाच्या पुढाकाराने सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून ६६ उपग्रहांचे जाळे उभे राहिले. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. उपग्रह कक्षेतून खाली आणून जाळून टाकण्याची तयारीही झाली होती. अखेर सुमारे अडीच कोटी डॉलरांत ते जाळे नव्या मालकांकडे गेले आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राटाने ते तगले. आज अनेक आर्गो तरंड ह्याच जाळ्यावरून बोलतात. म्हणजे खासगी म्हणून मिरवणारी ही यंत्रणा जगली ती करदात्यांच्या पैशाने. हे मी दूषण म्हणून सांगत नाही. समाजाने पैसा घातला असेल तर समाजाला अटी घालण्याचाही अधिकार आहे, एवढेच म्हणायचे आहे.

दुसरी कथा 'स्वार्म' ह्या कंपनीची, आणि तिची सुरुवात श्रीहरिकोट्याला होते. जानेवारी २०१८ मध्ये 'पीएसएलव्ही-सी४०'बरोबर ह्या कंपनीचे चार चिमुकले उपग्रह वर गेले. आकार एखाद्या जाड पुस्तकापेक्षा लहान. इतकी छोटी वस्तू रडारला नीट दिसणार नाही, म्हणून अमेरिकेच्या एफसीसीने परवानगी नाकारली होती, तरी ते पाठवले गेले. त्याबद्दल कंपनीला नऊ लाख डॉलर भरावे लागले. पण पुढे तिने जे विकले ते खरोखर स्वस्त होते. महिन्याला पाच डॉलर, त्यात ७५० निरोप, प्रत्येक निरोप जास्तीत जास्त १९२ बाइटांचा. एवढी कमी किंमत कोणी ऐकली नव्हती. शेती, जलविज्ञान, वन्यजीव अशा क्षेत्रांत, जिथे मोठे अनुदान मिळत नाही, तिथल्या लोकांनी उत्साहाने ही मोडेम घेतली. २०२१ मध्ये स्पेसएक्सने कंपनी विकत घेतली. २०२३ मध्ये नवी उपकरणे विकणे थांबले आणि नंतर ही सेवाच गुंडाळण्यात आली. मोबाइलशी थेट बोलणारे उपग्रह हा जास्त फायद्याचा धंदा समोर दिसत होता.

ह्यात बेकायदा असे काही झाले नाही. कंपनीने आपला फायदा पाहिला, तो तिचा स्वभावच आहे. पण माळावर रोवलेल्या खांबावरचे यंत्र चांगले आहे, बॅटरी शाबूत आहे, आणि त्याचे ऐकणारे मात्र वर कोणी उरले नाही, ह्या अवस्थेला काय म्हणायचे? त्याची बोलण्याची पद्धत खुली नसल्यामुळे दुसऱ्या उपग्रहालाही ते कळत नाही.

१९२ बाइट म्हणजे किती, हेही मराठी माणसाने एकदा मोजावे. संगणकाच्या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीलासुद्धा, तीन. म्हणजे इंग्रजीत १९२ चिन्हे, मराठीत ६४. तरीही 'वादळ येत आहे. सर्व बोटी तातडीने परत फिरवा.' हे वाक्य १०८ बाइटांत बसते. जीव वाचवायला एवढे पुरते.

बोट आणि विहीर

हे वाक्य मी उगाच निवडलेले नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळ आले तेव्हा केरळ आणि तामिळनाडूचे हजारो मच्छीमार खोल समुद्रात होते. मोबाइलची कक्षा किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. वादळाचा इशारा त्यांच्यापर्यंत पोचला नाही, शेकडो माणसे गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतल्या साठहून अधिक बोटी भरकटत किंवा आसरा शोधत आपल्या सिंधुदुर्गात, देवगडला लागल्या. त्या माणसांना गरज होती ती ६४ अक्षरांची.

त्यानंतर 'इस्रो'ने बोटींसाठी दुतर्फा संदेश देणारे यंत्र विकसित केले. एक लाख बोटींवर ते मोफत बसवण्याची, सुमारे ३६४ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने आखली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे तिचा देशव्यापी प्रारंभ झाला. दर बोटीमागे साधारण ३६,००० रुपये पडतात. तांडेलाला आपल्या भाषेत निरोप मिळतो, आणि संकटात सापडल्यास तो उलट कळवूही शकतो. ह्यासाठी वापरलेला उपग्रह खालच्या कक्षेतला नाही, स्थिर कक्षेतला आहे. पण त्याने माझ्या मुद्द्याला बाध येत नाही. सरकारने मनावर घेतले तर निरोप ही सार्वजनिक सेवा होऊ शकते, हे ह्यातून दिसते. (त्याच दिवशी, त्याच पालघरमध्ये, स्थानिक मच्छीमारांचा विरोध असलेल्या वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले, हेही नोंदवून ठेवते. बोटीला यंत्र द्यायचे आणि बोट लावायच्या जागेबद्दल मात्र तिच्या मालकाचे ऐकायचे नाही, ह्यातली विसंगती वाचकांना वेगळी सांगायला नको.)

आता विहिरीकडे येऊ. आपल्यातले काही जण म्हणतील, शेतकऱ्याला भाव हवा आहे, उपग्रह घेऊन तो काय करील? आक्षेप रास्त आहे, आणि सेन्सर हा भावाला पर्याय आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण हिवरे बाजारचे उदाहरण बघा. तिथे गावात पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि कोणते पीक घ्यायचे, कोणते टाळायचे हे त्यावरून ठरते. ह्यात यंत्राचा भाग अगदी थोडा आहे. आकड्याला किंमत आली ती तो चारचौघांत वाचला जातो म्हणून, आणि त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार गावाकडे आहे म्हणून.

आता समजा, त्याच विहिरीतला आकडा उपग्रहावरून थेट परदेशातल्या एखाद्या सर्व्हरवर गेला. कोणत्या शिवारातले पाणी फेब्रुवारीत संपणार हे गावाच्या आधी पीकविमा कंपनीला, बियाणे विकणाऱ्याला किंवा कर्ज देणाऱ्याला कळू शकेल. विहीर शेतकऱ्याची, मासिक वर्गणी शेतकऱ्याची किंवा एखाद्या संस्थेची, आणि शहाणपण मात्र तिसऱ्याचे. तंत्र तेच, पण एका व्यवस्थेत गाव शहाणे होते आणि दुसऱ्या व्यवस्थेत गावाची नुसती पाहणी होते.

आकाशही सामाईकच

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि त्यांच्याकडे काम केलेली आपल्यातली एक-दोन माणसे मला ठाऊक आहेत. लहान उपकरणांसाठी उभारलेल्या ऑर्बकॉम आणि स्वार्म ह्या दोन्ही जाळ्यांनी जमिनीकडे बोलण्यासाठी १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा घेतली. जीएमआरटी ज्या पट्ट्यांत विश्वाचे ऐकते त्यांतल्या एकात हीच जागा येते. डोंगराआड दुर्बीण बसवून जमिनीवरचा गोंगाट टाळता येतो, वरून येणारा कसा टाळणार?

टकरींचा धोका वेगळाच. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियमचा एक उपग्रह आणि निकामी झालेला एक रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि हजारो तुकडे कक्षेत पसरले. २०२२ मध्ये एफसीसीने नियम केला की काम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह खाली आणला पाहिजे. चांगला नियम आहे. पण त्याही आधी विचारायला हवे की एकाच कामासाठी प्रत्येक कंपनीने आपापले स्वतंत्र जाळे वर नेण्याची गरजच काय? गावात एक रस्ता पुरत असताना प्रत्येक टांगेवाल्याने आपला रस्ता बांधावा, तसे हे आहे.

मग करायचे काय?

सरकारच्या हाती दिले की कारभार ढिला पडतो, हा आक्षेप मला माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे. ओखीनंतर बोटींपर्यंत यंत्र पोचायला किती वर्षे लागली ते वर आलेच आहे. शिवाय भारत सरकारचा उपग्रह-उपकरणांकडे पाहण्याचा दृष्टिकोन अजून संशयाचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला आणि त्यात वापरलेला सॅटेलाइट फोन आठवला की त्याचे कारण समजते. (जाता जाता: इथून सह्याद्रीत ट्रेकला जाताना गार्मिनचे सॅटेलाइट-मेसेंजर बरोबर नेऊ नका. परवान्याशिवाय ते बाळगणे गुन्हा ठरतो आणि विमानतळावर पर्यटकांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत.) पण दहशतवाद्याचा फोन आणि विहिरीतला सेन्सर ह्यांत फरक करता आला पाहिजे. भारताच्या 'ट्राय'ने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा कमी वेगाच्या उपग्रह-जोडणीबद्दल स्वतंत्र शिफारशी केल्या, म्हणजे फरक करता येतो.

उपग्रह बांधणे, सोडणे, चालवणे हे काम कंपन्यांनी जरूर करावे. माझा आग्रह अटींचा आहे. २०२३ च्या भारतीय दूरसंचार कायद्याप्रमाणे उपग्रहसेवेच्या लहरी लिलावाशिवाय दिल्या जाणार आहेत. जनतेची वस्तू लिलावाशिवाय मिळते, तेव्हा जनतेच्या चार अटी मान्य करायला हरकत नसावी.

एक, संकटातला निरोप फुकट आणि सर्वांत आधी जावा, कोणत्याही कंपनीच्या उपकरणावरून. कोस्पास-सारसॅटने हे शक्य आहे हे दाखवले आहे.

दोन, बोलण्याची पद्धत खुली असावी. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये २०२२ पासून लहान उपकरणांनी उपग्रहाशी बोलण्याची तरतूद आहे. ती वापरली तर एक कंपनी गेली तरी दुसरीचा उपग्रह ऐकू शकतो.

तीन, सेवा बंद करायची असेल तर पुरेशी आगाऊ सूचना द्यावी आणि उपकरणाच्या कुलुपाची किल्ली, म्हणजे त्याचा प्रोटोकॉल, सर्वांना खुला करावा.

चार, माहितीची पहिली मालकी जिथे मोजमाप झाले त्या माणसांची, गावाची किंवा सहकारी संस्थेची असावी.

ह्यात आपण कुठे येतो? पुष्कळ ठिकाणी. आपल्यातले काही ह्याच उद्योगात नोकरी करतात, काही मानके ठरवणाऱ्या समित्यांवर बसतात. बरेच जण महाराष्ट्रातल्या पाणी आणि शेतीच्या कामांना दरवर्षी देणगी देतात, आणि हल्ली त्या प्रस्तावांमध्ये 'स्मार्ट सेन्सर' हा शब्द वारंवार दिसतो. पुढचा असा प्रस्ताव आपल्यापुढे आला की चेक लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. कंपनी बंद पडली तर ह्या यंत्राचे कोण ऐकणार? आलेला आकडा कोणाच्या नावावर जमा होणार? आणि तो गावात, मराठीत, कोण वाचून दाखवणार? तिन्हींची उत्तरे लेखी मागा. ज्या संस्थेने ह्याचा विचार केला असेल तिला प्रश्नांचा राग येणार नाही.

ह्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी माझ्या चार अटींवर टीका करावी, विशेषतः दुसरीवर, कारण तिची तांत्रिक किंमत किती ह्याबद्दल दोन मते असू शकतात. आपली मते जरूर कळवा.